‘देशी ऑपरेटिंग सिस्टीम’ आली. उद्या तिची डागडुजी कोण करणार?

देशी ऑपरेटिंग सिस्टीम आल्याची बातमी आपल्याकडे ठरावीक अंतराने येते. २००७ मध्ये सी-डॅकची ‘बॉस’ आली. २०२३च्या जानेवारीत ‘भारोस’ आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी ‘माया’ येत असल्याचे वृत्त झळकले. दर वेळी मथळ्याचा सूर एकच: विंडोजची सद्दी आता संपली. गेली वीस-बावीस वर्षे लिनक्सखेरीज दुसऱ्या कशावरही रोजचे काम न केलेला माणूस म्हणून सांगतो, या बातम्यांत प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ही प्रणाली कोणी बनवली, हे दुय्यम आहे. पुढल्या महिन्यात तिच्यात सुरक्षेचे भोक सापडले, तर ते कोण बुजवणार, हे विचारायला हवे.

आधी वंशावळ पाहू. बॉसचा पाया डेबियन. मायाचा पाया उबुंटू, आणि उबुंटूचा पाया पुन्हा डेबियनच. भारोस अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतावर उभी. तिन्हींच्या तळाशी आहे तो १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने लिहायला घेतलेला लिनक्स कर्नल. यात कमीपणा काहीच नाही. बहुतेक सगळ्या डिस्ट्रो अशाच कुणाच्या तरी खांद्यावर उभ्या असतात. आक्षेप आहे तो ही वंशावळ झाकून वर ‘संपूर्ण स्वदेशी’चा शिक्का मारण्याला. कारण पाया झाकला की पायाप्रतीची जबाबदारीही झाकली जाते.

माझ्या पिढीतल्या अनेकांचा लिनक्सशी परिचय पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडींमधून झाला. रेड हॅट, मग मँड्रेक, मग आणखी काही. मँड्रेक तेव्हाच्या नवशिक्यांना सर्वांत सोपी वाटे. पुढे तिचे मँड्रिव्हा झाले आणि २०१५ मध्ये ती कंपनीच विसर्जित झाली. सेंटओएसची कथा अधिक बोचरी. देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांचे संगणक-समूह तिच्यावर चालत. सेंटओएस ८ला २०२९ पर्यंत आधार मिळेल, या भरवशावर लोकांनी ती बसवली. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की तिचा आधार २०२१च्या अखेरीसच संपेल. मग आल्मा की रॉकी, या प्रश्नात संशोधक विद्यार्थ्यांचे दिवसच्या दिवस गेले.

या साऱ्या पडझडीत डेबियन १९९३ पासून उभी आहे. तिचे रूप देखणे नव्हते, स्थापनाही बराच काळ किचकट होती. २०१४ मध्ये सिस्टिमडीवरून तिच्या मंडळींत इतकी जुंपली की एका गटाने वेगळी चूल मांडून देव्हुआन काढली. (लिनक्सवाल्यांना भांडायला विषय कधी कमी पडत नाही.) तरी ती टिकली, कारण तिथे प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा माणूस किंवा गट नेमलेला असतो, आणि कुणा एका कंपनीचा ताळेबंद बिघडला म्हणून ती बंद पडत नाही.

सांभाळणारा माणूस किती महत्त्वाचा, हे मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. एक्सझेड नावाची, फायली आवळणारी एक साधी लायब्ररी. तिचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षे विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. तो कुतूहलाने खोदत गेला, म्हणून अनर्थ टळला. त्याच लायब्ररीवर आपल्या ‘देशी’ प्रणालीही विसंबून आहेत. तिथे लक्ष ठेवणारे आपले किती डोळे होते?

आपल्याला हे जमत नाही, असे मुळीच नाही. वीस वर्षांपूर्वी लिनक्सवर मराठी मजकूर उघडला की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापाशी जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे हाल होत. ते दुरुस्त केले इंडलिनक्ससारख्या उपक्रमांतल्या, केरळच्या स्वतंत्र मलयाळम कम्प्यूटिंगमधल्या आणि रेड हॅटसाठी लोहित फाँट सांभाळणाऱ्या लोकांनी. त्यांनी नवी डिस्ट्रो काढून फीत कापली नाही. दुरुस्त्या मूळ प्रकल्पांत पाठवल्या, म्हणून त्या साऱ्याच डिस्ट्रोंना मिळाल्या. केरळने शालेय शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवले, तेही आधी शिक्षक तयार करून.

‘पण परकीय कंपनी सेवा तोडेल, म्हणून तरी स्वदेशी हवेच ना?’ भीती खरी आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या आणि कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पण परक्या कुलपाच्या जागी देशी कुलूप लावले, तरी किल्ली दुसऱ्याच्याच खिशात राहते. स्रोत उघडा असेल आणि तो वाचू शकणारी माणसे आपल्याकडे असतील, तरच किल्ली आपली.

सरकारी खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे आणि ते नाकारायचे तर कारण नोंदवावे, असे केंद्राचे धोरण २०१५ पासून लागू आहे. तरीही शोधनिबंधाचा आराखडा ‘फक्त वर्डमध्येच’ मागणारी विद्यापीठे मी अजून पाहतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूण एक महासंगणक लिनक्सवर चालतो; आणि आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला टर्मिनलची पहिली ओळख होते ती पदव्युत्तर वर्गात, घाईघाईने.

म्हणून पुढच्या अनावरणाच्या वेळी मंत्रिमहोदयांना आणि संस्थाचालकांना तीन गोष्टी विचारा. सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी पूर्णवेळ माणसे किती नेमली? त्यांच्या वेतनाची तरतूद किती वर्षांची आहे? मूळ प्रकल्पांकडे गेल्या वर्षी किती दुरुस्त्या पाठवल्या आणि त्या कुठे पाहता येतील? विद्यार्थ्यांनी मात्र या उत्तरांसाठी खोळंबू नये. डेबियनची दोषनोंद सर्वांसाठी खुली आहे. तुम्ही रोज वापरता त्या एका पॅकेजचे नाव तिथे शोधा आणि प्रलंबित तक्रारींपैकी एक तुमच्या संगणकावर घडते का, तेवढे तपासून कळवा.