खांदा माझा, घाई सगळ्यांची

आधीच सांगते, शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण गेले सहा महिने मेसपासून स्टाफरूमपर्यंत सगळे मला एकच प्रश्न विचारतायत, "काय मग, रेस कधी?"

मी फ्रीस्टाइल पोहते. खांद्याच्या खोबणीभोवती कूर्चेची एक कडा असते, तिला लॅब्रम म्हणतात. माझ्या उजव्या खांद्यातली ती फाटली. दुर्बिणीतून ऑपरेशन करून शिवली.

फाटली कशी? मेकॅनिकलवाल्यांनो, हिशोब करा. रोज ५ किलोमीटर म्हणजे ५० मीटरच्या १०० फेऱ्या. एका फेरीत उजवा हात साधारण २० वेळा फिरतो. दिवसाला २,०००, आठवड्याच्या सहा दिवसांत १२,०००. हा शाफ्ट असता तर आपण डोळे झाकून 'फटीग फेल्युअर' लिहून मार्क घेतले असते. माणसाचा खांदा असला की मात्र म्हणायचं, "दुखतंय ना? म्हणजे मेहनत होतेय!" मीही तेच म्हणायचे. वर्षभर उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं, तरी कोचना सांगितलं नाही. टीममधून नाव गेलं असतं ना! हा मूर्खपणा पूर्णपणे माझा.

ऑपरेशनचं सगळ्यांना कौतुक असतं. सफरचंदं येतात. रूममेटने महिनाभर माझी वेणी घातली, बादली उचलली, तिचे उपकार फिटणार नाहीत. पण खरं काम गळ्यातली झोळी निघाल्यावर सुरू होतं, आणि ते दिसायला इतकं फालतू असतं की कोणाला उपचार वाटतच नाही. टेबलावर वाकून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा गोल फिरवायचा. "काय गं, जात्यावर दळतेस काय?" इति आमची विंग. मग दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढणं. चौथ्या महिन्यात पाणी, तेही नुसते पाय मारायला. फळीसुद्धा धरायची नाही, कारण हात पुढे ताणला की खांद्यावर जोर येतो. शेजारच्या लेनमधून सात-आठ वर्षांची पोरं पुढे जातात. आता सहाव्या महिन्यात कुठे हळू फ्रीस्टाइलच्या चार फेऱ्या मिळाल्यात.

हल्ली सगळे मला डारा टोरेस ऐकवतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदकं, तीही आदल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालेलं असताना. मलाही ती जाम आवडते. पण तिचं दुखणं निराळं, आणि तिच्या दिमतीला मसाज-स्ट्रेचिंगची माणसं होती. माझ्या दिमतीला शेअर रिक्षा आहे.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलातल्या दिवसांची अटेंडन्स मला मिळाली, सर्टिफिकेट होतं. फिजिओथेरपीची मिळत नाही. एक सर म्हणाले, "व्यायाम काय, रूमवरही होतो." सर, टाके घालणं एका सकाळचं काम होतं. हात पुन्हा कानापर्यंत नेणं हे सहा महिन्यांचं काम आहे, आणि माझ्या मते उपचार हाच आहे. क्रिकेटमध्ये गुडघा गेलेला बॉइज होस्टेलचा एक जण डिफॉल्टर लिस्टच्या भीतीने फिजिओ सोडून बसलाय, अजून लंगडतोय.

माझी फिजिओ मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ३ वाजता असते. थर्मलचं प्रॅक्टिकलही शुक्रवारी तीनलाच. बॅच बदलून द्या असा अर्ज दोन आठवड्यांपूर्वी दिलाय. गेल्या शुक्रवारी मी प्रॅक्टिकल बुडवलं.