उरलेले चार गुण कुठे गेले?

‘लेखन शिकवता येत नाही, ते उपजतच असावे लागते’ हे वाक्य आपल्याकडे वर्षातून निदान एका समारंभात तरी ऐकायला मिळते. बोलणारे पाहुणे बहुधा चांगले लेखक असतात, आणि त्यांच्या घरी बहुधा पुस्तकांचे कपाटही असते. मला या वाक्याचा राग येतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरातले छापील वाङ्मय म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर आणि रेशनकार्ड. लेखन उपजतच असेल, तर आमच्यासारख्यांनी कशाच्या भरवशावर लिहायचे?

म्हणूनच अमेरिकेतील हायस्कुलांतल्या ‘ऑनर्स’ लेखनवर्गांविषयी वाचू लागले, तेव्हा कुतूहल वाढतच गेले. तिथे हायस्कूल म्हणजे साधारण नववी ते बारावी. ऑनर्स हा नेहमीच्या इंग्रजीपेक्षा अवघड वर्ग. तो ज्याची त्याची शाळा आखते, म्हणून ठिकठिकाणी वेगळा. वाचन भरपूर, पुष्कळदा उन्हाळ्याच्या सुटीतच नेमून दिलेले. पण खरी गंमत लेखनात आहे. निबंध एका बैठकीत उरकत नाही. आधी आपले म्हणणे एका वाक्यात मांडायचे, आणि तेही असे, की ज्याला कोणीतरी विरोध करू शकेल. ‘झाडे लावली पाहिजेत’ हे चालायचे नाही. नको कोण म्हणणार? मग त्याला आधार द्यायचा, आणि तो आधार आपले म्हणणे कसे सिद्ध करतो तेही सांगायचे. मग कच्चा खर्डा. तो शेजारच्या मुलाने वाचायचा, शिक्षकांनी समासात प्रश्न लिहायचे आणि मुलाने पुन्हा लिहायला बसायचे. कशाला किती गुण, याचा तक्ता बहुधा आधीच हातात असतो. दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता घेतले, तर ती चोरी!

हे तिथेही आपोआप घडलेले नाही. वृत्तपत्रातून अध्यापनात आलेल्या डोनाल्ड मरे यांनी १९७२ साली, लेखन ही तयार वस्तू म्हणून नव्हे तर प्रक्रिया म्हणून शिकवा, असा आग्रह धरला. १९७४ साली बर्कले येथे ‘बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट’ सुरू झाला; त्यात शिक्षक स्वतः लिहीत आणि एकमेकांना शिकवीत. साचा तिथेही आहे. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप असा पाच परिच्छेदांचा निबंध, ज्याला तिथले शिक्षकही कंटाळतात. आपला साचा मात्र पाठ करायचा असतो. दहावीला ‘मी नदी बोलतेय’ हा निबंध आला, तेव्हा आमच्या वर्गातल्या साऱ्या नद्या एकाच गाईडमधून उगम पावल्या होत्या. वही परत आली ती ‘१० पैकी ६’ एवढा शेरा घेऊन. उरलेले चार कुठे गेले, ते आजतागायत कळलेले नाही.

गुरुजनांना दोष देण्याचा हेतू नाही. वह्यांचे गठ्ठे तीन-तीनदा कोण तपासणार? पण आपण एकमेकांचे खर्डे वाचू शकतो की! त्याला ना अनुदान लागते, ना इमारत.

माझे भांडण आहे ते ‘ऑनर्स’ या शब्दाशी. या वर्गात प्रवेश मिळतो तो बहुधा आधीचे गुण आणि शिक्षकांची शिफारस पाहून. म्हणजे ज्याच्या घरी खर्डा वाचून दाखवायला शिकलेले माणूस आहे, तोच पुढे जाणार. हा वाद तिथेही पेटलेला आहे. कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीच्या हायस्कूलने २०२२ साली नववी-दहावीचे ऑनर्स इंग्रजी वर्ग बंद केले, कारण त्यांत काळी आणि लॅटिनो मुले कमी दिसत. हुशार मुलांचे नुकसान होते म्हणून काही पालक चिडले. मला वाटते, वर्ग बंद करून काय साधणार? तो सगळ्यांना उघडा करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीबरोबर ‘ऑनर्स’ हा शब्द आपल्याही दारात आला आहे, म्हणून हे आत्ताच बोललेले बरे.

जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे साधारण चौदा वर्षांची होती, म्हणजे तिथल्या नववीतल्या मुलीएवढीच. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला. विरोध होईल असे म्हणणे, आणि त्यामागे स्वतःच्या लोकांच्या हालअपेष्टांचा पुरावा! तिला कोणत्या चाळणीतून गाळून घेतले होते?

तेव्हा संपादक मंडळाला एक विनंती. या अंकासाठी आलेल्या लेखांचे पहिले खर्डे रद्दीत देऊ नयेत. ते वाचनालयात प्रथम वर्षाच्या मुलांना पाहायला ठेवावेत. या लेखाचे तीन खर्डे झाले आहेत. तिन्ही, खाडाखोडीसकट, मी उद्याच आणून देते.