चालून झाले, आता थोडा जोर लावा

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या गावातला स्टेशन रोड माणसांनी फुललेला असतो. कानटोप्या, पांढरे बूट, आणि जोडीला राजकारणावर कडाक्याची चर्चा. ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय’ म्हणून ही मंडळी बाहेर पडतात, आणि सांगणाऱ्यांपैकी मीही एक आहे. चालणे चांगलेच. हृदयाला चांगले, साखरेला चांगले, मनालाही चांगले. पण याच मंडळींपैकी किती जण जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू न घेता उठू शकतात? रोज चार किलोमीटर चालणारे निवृत्त गृहस्थ माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर चढताना पायरीशी थबकतात. त्यांना दम लागलेला नसतो. मांडीत ताकद उरलेली नसते.

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा बहुधा चरबी घेते आणि काटा तिथल्या तिथेच राहतो. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, तोल सावरायला लागणारी ताकद ऐन वेळी मिळत नाही, आणि खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर अंथरुणाला खिळलेली माणसे या गावातल्या बऱ्याच घरांनी पाहिली आहेत. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. कोठार लहान झाले की साखर रक्तातच राहते. मधुमेहाच्या रुग्णाने स्नायूंची काळजी का करायची, याचे उत्तर यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात दोन भाग आहेत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, हा पहिला. आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, हा दुसरा. पहिला भाग आमच्या स्टेशन रोडपर्यंत पोहोचला, दुसरा वाटेतच कुठेतरी राहिला.

हे सांगू लागलो की दोन उत्तरे ठरलेली असतात. बायका म्हणतात, ‘डॉक्टर, दिवसभर घरकाम करतो तो काय कमी व्यायाम आहे?’ कष्ट आहेतच, आणि त्यांची किंमत घरात कोणी करत नाही हेही खरे. पण स्नायू वाढतो तो नेहमीपेक्षा जास्त ओझे पडल्यावर. वीस वर्षे तोच केर आणि तीच भांडी केल्याने शरीर थकते, ताकद मात्र वाढत नाही. दुसरे उत्तर वडीलधाऱ्यांचे: ‘आता या वयात काय व्हायचंय?’ त्यांना मी बॉस्टनची हकिकत सांगतो. तिथल्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. दहा जण, सरासरी वय ९०. आठवड्यातून तीन दिवस पायांना वजन लावून चांगला भारी व्यायाम त्यांच्याकडून करून घेतला. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली, आणि दोघांनी हातातली काठी सोडली. नव्वदीत हे होत असेल, तर साठीतल्या माणसाने वयाची सबब सांगू नये.

आता भारी व्यायाम म्हटले की लोकांना जिम आठवते. महिन्याची फी, आरसे, वर पावडरचा डबा. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १९७० च्या सुमारास अमेरिकेत आर्थर जोन्स नावाच्या माणसाने ‘नॉटिलस’ नावाची व्यायामाची यंत्रे विकायला काढली. त्याचे म्हणणे असे, की तासन् तास व्यायाम करू नका. प्रत्येक व्यायामाची एकच फेरी करा, पण ती स्नायू पुरता थकेपर्यंत करा, आणि मग त्याला विश्रांती द्या. यालाच हाय इंटेन्सिटी ट्रेनिंग म्हणतात. गंमत अशी, की ही कल्पना यंत्रे विकणाऱ्याने मांडली खरी, पण तिला यंत्र लागतच नाही! कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तरुणांच्या एका पायाला जड वजन आणि दुसऱ्याला हलके वजन दिले. दोन्हीकडे अट एकच, पाय थकून थांबेपर्यंत करायचे. दहा आठवड्यांनी स्नायूची वाढ जवळपास सारखीच निघाली. स्नायूला वजनावरचा आकडा वाचता येत नाही. किती दमलो तेवढेच त्याला समजते.

आमच्या तालमीत जोर-बैठका होत्याच. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण ‘पाचशे मारल्या’ या मोजणीच्या अभिमानाबद्दल माझे मत वेगळे आहे. झपाझप मारलेल्या पाचशे बैठका पैलवानाचा दमसास वाढवतील, पण पन्नाशीच्या माणसाचे गुडघे धरतील. त्याच बैठका सावकाश केल्या, खाली जायला मनात चार अंक आणि वर यायला चार अंक मोजले, तर बारा-पंधरातच मांड्या थरथरू लागतात. करून पाहा.

घरी काय करायचे? एक भक्कम, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात छातीशी घेऊन तिच्यातून उठा-बसा. सोपे वाटू लागले की धान्याची पिशवी छातीशी धरा, पुढे खुर्ची सोडून बैठका. जोर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर. पाठीसाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायची, कोपरे मागे गेली पाहिजेत. हा व्यायाम लोक हमखास गाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. पाण्याचा पाच लिटरचा कॅन पाठ ताठ ठेवून, कमरेतून वाकून उचलायचा आणि ठेवायचा. शेवटी जिन्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा वर-खाली. प्रत्येकाची एकच फेरी, एक ते दीड मिनिटाची. सगळे मिळून वीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा, मधे दोन-तीन दिवसांची सुट्टी. तरुणांना दंड फुगवायचे असतील तर फेऱ्या वाढवाव्या लागतील, पण ताकदीचा बराचसा फायदा एका फेरीतही मिळतो. पुढची खेप नीट जमणार नाही असे वाटले की थांबायचे. बारा-पंधरा खेपा सहज होऊ लागल्या की ओझे वाढवायचे. वहीत आकडे लिहा. दोन महिन्यांत फरक वहीतच दिसेल.

पावडरचा डबा घेण्याआधी ताटाकडे पाहा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दूध-दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, एवढ्यात ती भागतात. चहा-बिस्किटावर सकाळ काढणाऱ्यांची मात्र भागत नाहीत.

काही गोष्टी काटेकोर पाळा. श्वास कधीही रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडा, मोठ्याने आकडे मोजले तर तो आपोआप सुटतो. पहिले दोन-तीन आठवडे स्नायू थकण्याच्या बरेच आधी थांबा. सवय नसताना एकदम शे-दोनशे बैठका काढल्या तर स्नायू इतके फुटू शकतात की लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. असे झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी वेगळी, ती दोन-तीन दिवसांत ओसरते. छातीत दुखणारे, हर्निया असलेले, रक्तदाब १८०/११० च्या वर असलेले, आणि मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि साखरेचे खडे जवळ ठेवावेत.

आणि ती सायकलची ट्यूब प्रत्येक वेळी ताणून, उजेडात धरून तपासा. बारीक चीर दिसली तरी फेकून द्या. ऐन ओढताना तुटली तर तिचा फटका थेट डोळ्यावर येतो. सायकलच्या दुकानात पंक्चरवाल्याकडे मागितली तर दुसरी मिळेल.