ट्रोल आणि नकोसे चाहते: कलाकारांनी काय करावं?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये आलं आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची जाहीर बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही.

आज ही झोड थेट मोबाइलवर येते. मग काय करावं?

कलाकृतीवरची टीका कितीही बोचरी असली, तरी तो गुन्हा नाही. प्रत्येक कमेंटला उत्तर देण्याची गरज नसते.

मात्र महिलेने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी वारंवार मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. म्हणून नकार एकदा लेखी द्या, ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि पोलिसांकडे तक्रार करा.

फुल्यांसारखं बाजूने बोलणं मात्र वाचक-प्रेक्षकांच्या हातात आहे.