मायक्रोवेव्हची जागा

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या एका कुटुंबाने आपले 22 वर्षांचे जुने स्वयंपाकघर नव्याने करावयास घेतले. ओट्याचा ग्रॅनाइट, चिमणी, सिंक, कपाटांचा रंग या सर्व गोष्टींचे निर्णय आठवड्याभरात झाले. अडले ते मायक्रोवेव्हपाशी.

सजावटकाराच्या आराखड्यात तो उंच कपाटाच्या वरच्या खणात बसविला होता. तळ जमिनीपासून 62 इंचांवर. चित्रात ती रचना मोठी सुबक दिसत होती. चिरंजीवांचे म्हणणे, एवढा सुतारखर्च कशाला, फ्रिजच्या डोक्यावर ठेवा, तेथे प्लग आहेच. सूनबाईंना तो ओट्यावर गॅसशेजारी हवा होता. बांना कोणी विचारले नव्हते. वयाच्या 76 व्या वर्षी त्यांना या यंत्राशी काय कर्तव्य, असा घरातील सर्वांचाच समज असावा.

सूनबाई पेढीचे हिशेब पाहतात. नोंदीशिवाय निर्णय घेऊ नये, ही पेढीवरची सवय त्यांनी घरी आणली आणि यंत्राजवळ एक कागद टांगला. जो वापरील त्याने आपले नाव व वेळ लिहावी. आठवड्याच्या अखेरीस 31 नोंदी झाल्या आणि त्यांपैकी 19 बांच्या निघाल्या. बांचा चौविहार असतो. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पेढीवरून कोणीच परतलेले नसते. दुपारी करून ठेवलेली मुगाची खिचडी आणि दूध बा स्वतःच गरम करून घेतात. गॅस पेटवून भांडे उतरविणे त्यांच्या थरथरत्या हातांना आता जमत नाही, हेही त्या कागदामुळेच उघड झाले. तोवर त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

नोंदी हाती आल्यावर आराखडा निराळाच दिसू लागला. 62 इंचांवरचा खण म्हणजे बांच्या डोक्याच्याही वर. तेथून गरम दुधाचा पेला काढणे म्हणजे तो तोंडावर ओतून घेण्याची व्यवस्थाच. पाण्याच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. गुळगुळीत पेल्यातील पाणी मायक्रोवेव्हमध्ये कधीकधी बुडबुडे न येताच 100 अंशांच्या वर तापते आणि हलविताच एकदम उसळते. घरातील पिण्याचे पाणी गॅसवरच उकळावयाचे, हे सूनबाईंनी त्याच दिवशी ठरविले. अमेरिकेतील स्वयंपाकघर-रचनाकारांच्या संघटनेचा एक संकेत येथे उपयोगी आहे: यंत्राचा तळ मुख्य वापरणाऱ्याच्या खांद्याच्या 3 इंच खाली असावा, आणि कोणत्याही परिस्थितीत 54 इंचांहून वर नसावा. सुताराने बांना भिंतीशी उभे करून पेन्सिलीने खूण केली. खांदा 47 इंचांवर आला. म्हणजे तळ 44 इंचांवर. सूनबाईंना किंचित वाकावे लागेल, पण वाकणे आणि हात उंचावून गरम भांडे उतरविणे यांत फार अंतर आहे.

फ्रिजवरची जागा त्यामुळेच बाद झाली. शिवाय दोन्ही यंत्रे उष्णता बाहेर टाकणारी. एकावर एक ठेवून दोघांचीही कोंडी करण्यात शहाणपणा नाही. गॅसशेजारी फोडणीचे तेल उडते, वाफ बसते. सिंकजवळ पाणी आणि वीज यांचा शेजार. उरली ती ओट्याच्या डाव्या टोकाची जागा, आणि तेथे उभी होती कोठी.

जस्ताच्या पत्र्याची ती कोठी बा या घरात आल्या त्याच वर्षी घेतलेली. उन्हाळ्यात वर्षाचा गहू यावा, निवडून, एरंडेल चोळून कोठीत भरावा, हा घरचा नेम होता. गेली काही वर्षे मात्र गहू पेढीवरून महिन्याच्या महिन्याला येतो आणि कोठीत जुनी वर्तमानपत्रे व रिकाम्या बरण्या असतात. हे सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. भुसाराच्या व्यापाऱ्याच्या घरातून कोठी हलविण्याची सूचना करावी तरी कोणी? सूनबाई म्हणाल्या, “बा, ओट्यावरच ठेवू या. थोडी जागा जाईल, इतकेच.” बांनी दोन दिवस उत्तर दिले नाही.

दरम्यान वायरमन येऊन गेला, आणि त्याच्या भेटीत जे कळले ते भिंती फोडण्यापूर्वी प्रत्येक घराने समजून घेण्याजोगे आहे. 800 वॅटचा म्हणून घेतलेला मायक्रोवेव्ह विजेच्या खात्यात 1200 वॅटच्या आसपास नावे टाकतो. 800 ही अन्नाकडे जमा होणारी रक्कम. कन्व्हेक्शनची सोय असलेले यंत्र तर 2000 वॅटपर्यंत घेते. साधा 6 अँपिअरचा प्लग 230 व्होल्टला 1380 वॅटच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून 16 अँपिअरचा प्लग, नीट अर्थिंग आणि मुख्य पेटीपासून स्वतंत्र वायर व एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्ड लावून मिक्सरबरोबर तो चालविणे म्हणजे तारण न पाहता कर्ज देण्यासारखे आहे. प्लगचा खटका यंत्रामागे दडवू नये, बाजूला हाताशी ठेवावा. अडचणीच्या वेळी यंत्र ओढून खटका शोधणारा मनुष्य आधीच भाजलेला असतो.

सुतारालाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. खण यंत्राच्या मापाचा तंतोतंत करू नये. हवा खेळण्यासाठी वर साधारण 20 सेंटिमीटर व मागे-बाजूंना 10 सेंटिमीटर जागा लागते, आणि प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत ती दिलेली असते. म्हणून यंत्र आधी खरेदी करावे, खण मागाहून. दुसरे असे की, याचे दार बहुधा डावीकडे उघडते. तेव्हा गरम भांडे टेकविण्यास उजव्या हाताला निदान 15 इंच मोकळा ओटा असावा. कोठीच्या जागेची उजवी बाजू नेमकी तशीच होती.

या यंत्राचा पूर्वज पाहिला असता तर एवढी चर्चा झालीच नसती. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील खाऊ 1945 मध्ये रडारच्या मॅग्नेट्रॉनसमोर वितळला, आणि 1947 मध्ये आलेले पहिले विक्रीचे यंत्र जवळजवळ 6 फूट उंच व सुमारे 340 किलो वजनाचे होते. घरगुती ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह अमेरिकेत 1967 मध्ये मिळू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांनी कोठीचे झाकण स्वतः उघडले, बरण्या बाहेर काढल्या, आत कोरडे फडके फिरविले आणि चिरंजीवांना हाक मारली. कोठी आता गॅलरीत आहे. खणाचा तळ 44 इंचांवर बसला. त्याखालच्या खणात महिन्याचे पीठ आणि डाळी राहतात. खटका मात्र वायरमनने सवयीने वर लावला होता. बांनी तो पाहून घेतला, आपला हात कोठवर पोहोचतो ते दाखविले, आणि प्लॅस्टर होण्यापूर्वीच 9 इंच खाली आणविला.