शस्त्रांचा संशय आल्यावर

अमेरिकेतील मँचेस्टर शहराच्या कॅथॉलिक मेडिकल सेंटरमधील आठ रुग्णांना २०१३ च्या सप्टेंबरात एक विलक्षण निरोप मिळाला. त्यांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेतील उपकरणे पूर्वी ज्या रुग्णासाठी वापरली होती, तो क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने वारला होता. ह्या रोगाचे विकृत प्रथिन नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने खात्रीने नष्ट होत नाही. रोग वर्षानुवर्षे दडून राहतो. त्यावर औषध नाही आणि लक्षणांआधी तो निश्चित ओळखणारी चाचणीही नाही.

मग सांगावे तरी कशाला? असे पुष्कळांस वाटेल. आपल्याकडे तर अशी वार्ता लपविणे हीच माया समजतात! परंतु अजाण मनुष्य निष्पापपणे रक्तदान करील, पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला सावध करणार नाही. रक्त वा अवयव देऊ नयेत आणि सर्जनला आधी सांगावे, एवढे त्याच्या हाती असते. ताटवाटी निराळी करण्याचे मात्र कारण नाही. सहवासाने हा रोग जडत नाही. धोकाही अत्यल्पच; १९७६ नंतर उपकरणांवरून लागण झाल्याची नोंद त्या वेळी आरोग्याधिकाऱ्यांपाशी नव्हती.

संशय एचआयव्हीचा असल्यास गोष्ट निराळी. तेथे विचारात दिवस घालवू नयेत. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.