चाकू घेतांना पोलाद पाहावें

विळा किंवा कोयता घेतांना आमचा शेतकरी पात्यावर टिचकी मारून नाद ऐकतो, लोहाराशीं हुज्जत घालतो. पण खिशांतील घडीचा चाकू घेतांना मूठ सुंदर कीं नाहीं आणि पातें चकाकतें कीं नाहीं, एवढेंच पाहतो. वास्तविक कलम बांधणें, डोळा भरणें, ठिबकची नळी कापणें, जनावराच्या गळ्यास फांस बसला असतां दोर तोडणें, हीं सर्व कामें ह्याच एवढ्याशा हत्याराकडून घ्यावयाचीं असतात. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालों. दप्तराच्या दोऱ्या कापण्यास व नकाशाच्या पेन्सिलीस टोंक करण्यास चाकू नित्य जवळ असे; परंतु त्याच्या पोलादाचा विचार आम्हीं केला तो घरची द्राक्षबाग पाहूं लागल्यावर, आणि तोही ठेंच लागल्यावर.

एका जत्रेंत चाकूवाल्यानें आम्हांस चुंबक लावून दाखविलें. पातें चुंबकास चिकटलें नाहीं. ‘पाहा साहेब, अस्सल स्टेनलेस’ म्हणून त्यानें दुप्पट दाम घेतला व आम्हीं दिला. भाद्रपदांत डॉगरिजच्या खुंटांवर पाचर कलमें करावयास घेतलीं. पहिल्या पंधरावीस काड्या ठीक तासल्या. पुढें चाकू कापेना, दाबूं लागला. कलमांत खुंटाच्या व काडीच्या सालीखालील कोंवळा हिरवा थर एकमेकांस मिळावा लागतो. काप सपाट नसला अथवा पेशी चेंगरल्या, म्हणजे तो मिळत नाहीं. त्या ओळींतील निम्म्याहून अधिक कलमें वाळलीं. सर्व दोष चाकूचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं, ऊनही कडक होतें. पण शेजारच्या ओळींत दुसऱ्या चाकूनें केलेलीं कलमें त्याच उन्हांत फुटलीं.

मागाहून कळलें कीं चुंबकाची परीक्षा उलटी आहे. ज्या स्टेनलेसला चुंबक सहसा धरीत नाहीं, तें ताटवाटीचें पोलाद. त्यांत क्रोमियम सुमारें १८ टक्के व निकेल ८ टक्के असतें; तें तापवून विझविलें तरी कठिण होत नाहीं, मग धार टिकणार कशी? चाकूचें पोलाद, गंजणारें असो वा न गंजणारें, चुंबकास चिकटतेंच.

जमिनींतील कर्ब आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पोलादांतही मुख्य वस्तु तीच. साध्या कर्बी पोलादाच्या चांगल्या पात्यांत कर्ब एक टक्क्याच्या आसपास असतो. १०९५ ह्या नांवाच्या पोलादांत तो सुमारें ०.९५ टक्के. अशा पात्यास अतिशय बारीक धार येते, घरच्या दगडावर थोड्या वेळांत येते, आणि कलमास तीच हवी. दोष एवढाच कीं तें गंजतें. कैरीच्या चिकानें वा संत्र्याच्या रसानें पाहतां पाहतां काळें पडतें. ह्यावर उपाय म्हणून क्रोमियम मिसळतात. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यांनीं १९१३ मध्यें असें पोलाद केलें. आज साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असेल त्यास स्टेनलेस म्हणतात. परंतु नुसत्या ‘स्टेनलेस’ ह्या शिक्क्यावरून कर्ब किती तें कळत नाहीं. ‘४४०’ एवढाच आंकडा असला तरी बोध अपुराच, कारण त्याच्या ए जातींत कर्ब ०.६ ते ०.७५ टक्के आणि सी जातींत ०.९५ ते १.२ टक्के.

मग कोणतें घ्यावें? ज्यास मुख्यतः कलमें करावयाचीं आहेत आणि चाकू पुसून, तेलाचा थेंब देऊन ठेवण्याची संवय आहे, त्यानें साधें कर्बी पोलाद घ्यावें. कलमापूर्वीं तें तेल मात्र पुसून टाकावें. डाळिंबवाल्यांची गोष्ट निराळी. तेल्याचे जंतु एका झाडावरून दुसऱ्यावर हत्यारानेंही जातात, म्हणून झाडागणिक पातें सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडवावें लागतें, आणि त्या द्रावणानें कर्बी पातें लवकर गंजतें. तेथें, तसेंच कोंकणच्या खाऱ्या हवेंत, कर्ब अर्धा टक्का किंवा थोडा अधिक व क्रोमियम तेरा ते पंधरा टक्के असलेलें स्टेनलेस बरें. तेंही काम संपतांच धुवावें. त्या द्रावणानें स्टेनलेससही बारीक खळगे पडतात.

हल्लीं तरुण मंडळी डी-२ किंवा व्हॅनेडियमयुक्त पोलादाचे महागडे चाकू मागवितात. डी-२ मध्यें कर्ब सुमारें दीड टक्का व क्रोमियम बारा टक्के. धार पुष्कळ टिकते, हें खरें. परंतु गेलेली धार परत आणणें कठिण. व्हॅनेडियमचे कण तर साध्या दगडाहूनही कठिण असतात, त्यास हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. बांधावर बसून जो चाकू धारेस लावतां येत नाहीं, तो शेतकऱ्याच्या काय उपयोगाचा? रॉकवेल मापाच्या ५५ ते ५८ पर्यंतची कठिणता आमच्या मतें पुरे.

पोलादाचें नांव कितीही मोठें असो, त्यास दिलेलें पाणी चुकलें तर सर्व व्यर्थ. साधें कर्बी पोलाद सुमारें ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलांत विझवितात; त्यानें तें कांचेसारखें ठिसूळ होतें, म्हणून पुन्हा दोनशें अंशांच्या आसपास तापवितात. पुढें आपणच त्याचा नाश करतों. धारवाला विजेच्या चाकावर कोरडी धार लावतो, ठिणग्यांचा पाऊस पडतो, आणि कडेस निळसर झांक येते. ती झांक दिसली कीं तेथील पाणी उतरलें असें समजावें. पातें वारंवार पाण्यांत बुडवीत जावें, किंवा चाक सोडून दगडच धरावा.

ह्या कामीं आपल्या संघाच्या भांडारानें पुढाकार घ्यावा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ति छापलेली असते, खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश. चाकूवर मात्र नुसतें ‘स्टेनलेस’. भांडारानें पोलादाचें नांव व कठिणता विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावी, न लिहील त्याचा माल परत करावा, आणि चाकूंच्या शेजारीं एक बारीक दगड पाण्याच्या वाटीसह ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकास दाम देण्यापूर्वीं धार लावून पाहतां येईल.